शाळेमागची वृक्षबाग पुन्हा उभी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी जीवशास्त्र शिकवतो. आमच्या शाळेमागे दीडेक एकराची जागा आहे. एका जुन्या मुख्याध्यापकांनी तिथे हौसेने झाडे लावली होती. ते निवृत्त झाले आणि पुढची पंधरा-वीस वर्षे मोडकी बाके, बांधकामाचा राडारोडा आणि गाजरगवत यांनी ती जागा वाटून घेतली. आता आठवड्यातले निदान चार तास तिथे होतात. धुळे-नंदुरबारकडून शिक्षकांचे फोन येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाचे लिहून ठेवतो.

आमच्याकडे जागा आहे, उत्साह आहे. रोपे कधी आणायची?

पहिल्या वर्षी आणू नका.

हे ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो, पण आम्ही उलटे केले आणि हात पोळले. पहिल्याच जुलैत पाहुणे बोलावले, फोटो काढले, साठ रोपे लावली. पुढच्या मेअखेर त्यातली सात उरली होती. आणि ज्या खड्ड्यांत रोपे वाळली त्याच्या वीस पावलांवर एक जुने कवठाचे झाड घाणेरीच्या जाळीत गुदमरून उभे होते, तिकडे आमचे लक्षही नव्हते.

आधी जे आहे ते मोजा. आम्ही आठवीच्या मुलांना सुतळी, मीटरपट्टी आणि वही देऊन आवार वाटून दिले. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर, खोडाला सुतळी गुंडाळायची आणि ती पट्टीवर मोजायची. झाडाला नंबर द्यायचा. नाव येत नसेल तर नावाची जागा कोरी सोडायची, अंदाजे ठोकायचे नाही. चार शनिवार लागले. आमच्या समजुतीप्रमाणे तिथे ‘पाच-पंचवीस झाडे’ होती. वहीत भरली एकशे अकरा.

ओळखू न येणाऱ्या झाडांचे काय करायचे?

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलवा. आमच्याकडे एका मुलीची आजी आली. गुरे राखण्यात तिचे आयुष्य गेलेले. भोकर, हिवर, धावडा ही नावे तिने पानाला हात न लावता सांगितली. मुले वही घेऊन तिच्या मागे, ‘हाई झाड कसानं शे?’ (हे झाड कशाचे आहे?) म्हणत. वर्गात अहिराणी बोललो तर सर काय म्हणतील, असे वाटणारी ही मुले त्या दिवशी मोकळी झाली, तो मला वरचा फायदा वाटतो.

नंतर पानांशी पान ताडून पाहा. खान्देशात एक तुलना हमखास जमते. आपट्याचे पान हे एकच पान, मधे चिरलेले. अंजनाला मात्र खरोखरच दोन पानुल्या असतात, देठाशी जोडलेल्या, आणि त्या सुट्या करता येतात. दोन्ही हातात दिली की साधे पान आणि संयुक्त पान हा धडा फळ्यावर शिकवावा लागत नाही. तिसरे कांचनाचे पान शेजारी ठेवा. दसऱ्याला आपटा म्हणून जे ओरबाडले जाते त्यात बरेचसे कांचनच असते, हे मुलांना कळले की ती घरी जाऊन वडिलांना सुनावतात.

सुबाभूळ, निलगिरी, गुलमोहर ही परदेशी झाडे तोडून टाकावीत ना?

एकदम नाही. परदेशी म्हणून काढायचे ठरवले तर चिंचेलाही हात लावावा लागेल, ती मूळची आफ्रिकेतली. प्रश्न झाड कुठून आले हा नाही, ते इथे काय करते हा आहे. सुबाभळीच्या शेंगा फुटतात आणि पावसाळ्यात तिच्या रोपांचा गालिचा होतो, दुसऱ्या कशाला जागाच राहत नाही. तिला आवर घालायलाच हवा: शेंगा कोवळ्या असताना तोडणे, लहान रोपे पावसात मुळासकट उपटणे. गुलमोहर मादागास्करचा, त्याचे लाकूड ठिसूळ, वादळात फांदी कोसळते, म्हणून त्याच्याखाली वर्ग भरवायचा नाही. पण एप्रिलच्या उन्हात तो सावली देतोय, तर शेजारचा निंब मोठा होईपर्यंत राहू द्या की.

कोनोकार्पस हे परदेशी झाड मात्र नव्याने लावू नका, कुणी फुकट दिले तरी. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

तोडायचेच झाले तर परवानगी लागते का?

लागते, आवार संस्थेचे असले तरी. नगरपालिका हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनाचा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण आहे. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा पाहावा लागतो. अर्ज लेखी करा, पोच घ्या.

खान्देशच्या हवेत कोणती झाडे लावावीत?

उत्तर शिवारात आहे. बांधावर, ओढ्याकाठी, जुन्या देवळाजवळ पाणी न घालता काय उभे आहे ते पाहा. निंब, बोर, हिवर, खैर, पळस, बेल, कवठ, भोकर, आपटा, शमी, करंज, बहावा, सीताफळ. पाण्याजवळ उंबर आणि अर्जुन. सातपुड्याच्या पायथ्याशी असाल तर मोह, सालई, धावडा, चारोळीही.

अंजन माझ्या आवडीचा आहे, हे आधीच कबूल करतो. आपल्या कोरड्या डोंगरांचे हे झाड. वाढायला फार सावकाश, म्हणून वृक्षारोपणाच्या यादीत त्याला कुणी घेत नाही. लाकूड इतके जड की पाण्यात बुडते. वाळलेल्या फांदीचा तुकडा बादलीत टाकून दाखवा. लाकूड तरंगतेच असे मानणारा अख्खा वर्ग गप्प होतो, मग घनतेचा धडा तुम्ही सुरू करायचा.

लॉन करू नका. ४५ अंशांच्या गावात हिरवळ जगवणे म्हणजे रोज पाणी उन्हात ओतणे.

खड्डा कधी, केवढा? काळ्या जमिनीत काही वेगळे करावे लागते का?

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणा, दोन फूट लांब, रुंद आणि खोल. ऊन खाऊ द्या. दोन चांगले पाऊस झाले की लावा.

मुरमाड जागेत रोपाभोवती खोलगट आळे करायचे, पाणी थांबायला. काळ्या कसदार जमिनीत नेमके उलटे: रोप थोड्या उंचवट्यावर लावायचे आणि आळे बुंध्यापासून दूर ठेवायचे. ही माती पावसात पाणी धरून बसते आणि बुंधा सडतो. उन्हाळ्यात तिलाच हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मुळे तुटतात. भेगांवर उपाय एकच, आच्छादन. वाळलेला पाला किंवा केळीची वाळलेली पाने चार बोटे जाड पसरा, बुंध्याला मात्र चिकटवू नका. रावेर-यावलकडे केळीचा पाला मागितला तर शेतकरी नाही म्हणत नाही. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, तशाच आणून टाकू नका. त्यांच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी असू शकते आणि शेजारच्या शेतकऱ्याचे शाप लागतील. पऱ्हाट्या भरिताची वांगी भाजायलाच बऱ्या.

उन्हाळ्यात पाण्याचे काय?

खरा प्रश्न हाच. बाकीचे सगळे जमते.

हिशेब आधी कागदावर मांडा, तोही मुलांकडून. चाळीस रोपे, प्रत्येकी आठवड्याला १५ लिटर, म्हणजे ६०० लिटर. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून पहिल्या पावसापर्यंत साधारण १८ आठवडे धरले तर १०,८०० लिटर. एप्रिल-मेचे नऊ आठवडे दोनदा पाणी दिले तर आणखी ५,४००. एकूण १६,२००, म्हणजे पाच हजार लिटरचे तीन टँकर आणि वर थोडे. एवढे पाणी कुठून येणार हे सांगता येत नसेल तर चाळीसऐवजी पंधरा रोपे लावा. मी हे मुख्याध्यापकांच्या टेबलावर आकड्यांत ठेवले तेव्हा कुठे आमचे ‘पाचशे झाडांचे उद्दिष्ट’ गुंडाळले गेले.

आता दुसरी बाजू. शाळेचे छत १०० चौरस मीटर असेल आणि वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर त्यावर ७०,००० लिटर पाणी पडते. यातले सगळे साठवता येत नाही, पण ते पन्हाळीतून गटारात सोडण्याऐवजी झाडांमधल्या चराकडे वळवले तर जमिनीतली ओल लांबते. आम्हाला त्यासाठी एक पाइप आणि अर्ध्या दिवसाचे खोदकाम लागले.

ठिबक आपल्या जिल्ह्याला नवे नाही. जुन्या नळ्या पालकांच्या शेतावर पडलेल्या असतात, मागा. ठिबक नसेल तर मडके: बुडाला बारीक भोक, त्यात सुताची वात, रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचे आणि वर झाकण. झाकण नसले तर डास होतात. प्रत्येक मुलाने उरलेले पाणी जाताना मडक्यात ओतायचे, असा आमच्याकडे रिवाज आहे. त्याने हिशेबातला थोडाच भाग भरतो, हे खरे. पण ज्या रोपाला रोज बाटली उपडी होते ते रोप वाळायला लागले तर त्याच दिवशी बातमी येते.

आणि हे एक नव्हे, तीन उन्हाळे करायचे. चौथ्या वर्षी निंब तुमच्याकडे बघतही नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत कोण बघणार?

आमच्याकडे आवाराला लागून राहणाऱ्या पाच-सहा मुलांच्या पाळ्या आहेत आणि शिपाई आप्पा आहेत. आप्पांना यासाठी संस्थेने वेगळे मानधन द्यावे म्हणून मी दोन वर्षे भांडलो. निष्ठेवर झाडे जगत नाहीत, मानधनावर जगतात.

बसायला पेव्हर ब्लॉक आणि झाडांना सिमेंटचे गोल कट्टे करावेत का? देणगीदार तयार आहेत.

देणगी दुसरीकडे वळवा. आमच्या आवारातल्या सर्वांत मोठ्या निंबाला, घेर २२० सेंटीमीटर, कुणा उत्साही हितचिंतकाने बुंध्याला चिकटून सिमेंटचा कट्टा बांधून दिला आणि आत दोन फूट भर टाकली. तीन वर्षांत शेंडा वाळायला लागला. मुळांनाही हवा लागते. बुंध्यावर माती चढवली की साल सडते. कट्टा फोडला, भर काढली, तेव्हा आत साल बोटाने निघत होती. झाड वाचले, पण एका बाजूने खोड पोकळ झाले आहे.

जुने पार दगडमातीचे असत, सांध्यांतून पाणी आणि हवा जाई. बसायला ओळीत मोठे दगड किंवा पडलेल्या झाडाचे ओंडके मांडा. अर्धवर्तुळात, सकाळी सूर्य मुलांच्या पाठीशी येईल असे. तेवढे पुरते.

पण शिकवायचे काय? अभ्यासक्रम कधी संपवणार?

अभ्यासक्रमच शिकवायचा, फक्त बाहेर. उगाच ‘निसर्गभ्रमंती’चा तास ठेवला की तो परीक्षा जवळ येताच रद्द होतो. गणिताचा तास गणिताचाच ठेवा.

वरच्या निंबाचाच घेर घ्या: २२० भागिले ३.१४, व्यास ७० सेंटीमीटर. उंचीसाठी समरूप त्रिकोण: एक मीटरची काठी उभी केली, तिची सावली ८० सेंटीमीटर पडली, त्याच वेळी झाडाची सावली ७.२ मीटर, म्हणजे झाड ९ मीटर. दहावीत जो प्रश्न पुस्तकात वाचून मुले घाबरतात तोच इथे पळापळ करत सुटतो, कारण सावली थांबत नाही.

विज्ञानाला उंबर. ‘उंबराचं फूल झालास’ असे आपण कधी न भेटणाऱ्या माणसाला म्हणतो. उंबराला फूल दिसत नाही म्हणून ही म्हण. मुलांना एक कच्चे उंबर ब्लेडने मधोमध कापून द्या आणि भिंग द्या. आत भिंतीला दाटीने लागलेली शेकडो बारीक फुले, आणि पिकत आलेल्या उंबरात त्यांच्यामधून चालणारे, डोक्यावरच्या केसाएवढे वाटणारे काळपट किडे. ती उंबराची वीण चालू ठेवणारी गांधीलमाशीच्या कुळातली माशी. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा मागच्या ओळीतला एक मुलगा, जो वर्षभर बोलला नव्हता, म्हणाला, ‘सर, मंग फूल शे ना, आपणच आत नही पाह्यं.’ त्या दिवशी पुढचे काही शिकवले नाही.

रुईचे झुडूप उपटून टाकू नका. तिच्या पानामागे काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी मिळते. ती प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराची. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास तीन-चार आठवड्यांत पाहून होतो. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हे मात्र तीनदा सांगा. बेल, लिंबू, कढीपत्ता असेल तर लिंबाचे फुलपाखरू येते, बहाव्यावर फिकट पिवळी एमिग्रंट.

मराठीच्या बाईंनी सुरू केलेली गोष्ट मला सर्वांत आवडते: झाडांची दिनदर्शिका. दर सोमवारी एक मूल आपल्या नंबरच्या झाडाबद्दल तीन ओळी लिहिते. पानगळ, पालवी, मोहोर, फळ, कोण आले, कोण गेले. काटेसावर आणि पळस फुलतात तेव्हा थंडी जात असते, चैत्रात निंबाला मोहोर, बहावा तापल्या उन्हात, पावसाच्या तोंडावर निंबोळ्या. एक वही भरली की ती पुढच्या इयत्तेकडे जाते. चार वह्या झाल्या आहेत. पहिल्या वहीत एकाने पळसाबद्दल फक्त एवढेच लिहिले होते, ‘पाने तीनच. मोजली.’

इतिहासाला आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. घरी जाऊन आजीला विचारा, तुझ्या माहेरी झोका कुठल्या झाडाला बांधायचे, ते झाड आता आहे का. बहुतेक उत्तरे निंबाची आली, आणि बहुतेक झाडे रस्ता रुंदीकरणात गेलेली निघाली. गावचा नकाशा मुलांनी त्यावरूनच काढला.

उन्हात मुलांना बाहेर कसे बसवायचे?

मार्चपासून सकाळची शाळा असते, तेव्हा पहिले दोन तास बाहेर. दहानंतर आत. एप्रिलमध्ये दोन थर्मामीटर घ्या, एक निंबाखाली आणि एक पत्र्याच्या शेडखाली, आणि तासातासाने आकडे लिहायला दोघांना पाठवा. सावलीवर भाषण द्यावे लागत नाही.

साप, मधमाश्या, पडणाऱ्या फांद्या? पालक घाबरतात.

त्यांचे घाबरणे बरोबर आहे. राडारोडा आणि विटांचे ढीग आधी हलवा, साप तिथे असतात. पाल्यात हात घालायचा नाही, काठीने सरकवायचा, पायात बूट. साप दिसला तर मारायचा नाही, सगळ्यांनी मागे सरायचे आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन. दंश झालाच तर १०८ आणि थेट सरकारी दवाखाना, मांत्रिक-बिंत्रिक काही नाही. आग्या मोहोळ असेल तर ते झाड त्या हंगामापुरते बंद; खाली दगड मारणाऱ्याची गय करू नका.

वाळलेल्या फांद्यांपैकी वाटेवरच्या आणि बसायच्या जागेवरच्या पावसाळ्याआधी उतरवा. आडबाजूच्या राहू द्या. तांबट पक्षी असल्याच मऊ वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला भोक पाडून घर करतो.

पक्षी येतील का?

येतात, फळ असले की. वड, पिंपळ, उंबर यांच्यापैकी एक जरी मोठे झाड असले तर राज्यपक्षी हरियल पाहायची शक्यता आहे. थव्याने येतो, पण पानांत असा मिसळतो की फळ खाली पडल्याशिवाय कळत नाही.

नावाच्या पाट्या कशा लावाव्यात?

खिळा ठोकून नाही. जमिनीत रोवलेली खुंटी, तिच्यावर पाटी. मराठी नाव, अहिराणी किंवा लेवा बोलीतले नाव वेगळे असेल तर तेही, मग शास्त्रीय नाव. क्यूआर कोड हवा तर लावा. आमचा उन्हाने वर्षात पुसला गेला.

पाला जाळू का?

नाही. खड्ड्यात टाका, थोडे शेण, थोडे पाणी. पुढच्या पावसाळ्यापर्यंत खत.

रोपे विकत घ्यावीत का?

सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा. आणि काही मुलांनाच करू द्या. निंबोळी पिकून पडली की दोन-तीन आठवड्यांच्या आत पेरावी लागते, ठेवली की उगवत नाही. बहाव्याचे बी उलट दगडासारखे. सँडपेपरवर एका बाजूने घासून रात्रभर पाण्यात ठेवायचे. ज्या मुलाचे बी सकाळी फुगलेले असते ते शाळेत पळत येते.

आमच्या आवारात एकच निंब आहे. त्याला वृक्षबाग म्हणायचे का?

नाव काहीही द्या. सोमवारी सकाळी सुतळी घेऊन चार मुलांना पाठवा, साडेचार फुटांवर घेर मोजायला सांगा, आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला.